सेलवाल्या वहिनी

गल्लीत कुणाचं घड्याळ बंद पडलं की दुकानात जायची पद्धत नव्हती. "वहिनींकडून दोन पेन्सिल सेल घेऊन ये," असं सांगितलं जायचं, आणि वहिनी ते द्यायच्या. साधे, बारीक, हवे तसे. त्यांच्या स्वयंपाकघरात एक बरणी सेलांनी भरलेली असायची. नणंदेच्या मुलाची खेळण्यातली मोटार, शेजारच्या काकांचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र, समोरच्यांच्या एसीचा रिमोट, सगळं त्या बरणीवर चालायचं. "आमच्या हिची हॉटेलात वट आहे," असं नवरा आल्यागेल्याला सांगायचा. वहिनी "काहीतरीच तुमचं" म्हणायच्या, पण त्या दिवशी भाजीत तेल जरा सढळ पडायचं.

वट एवढीच, की वहिनी एका बऱ्यापैकी हॉटेलात दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या आवरायच्या. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, केटली पुसायची आणि शेवटी टीव्हीचा रिमोट ओल्या फडक्याने पुसून उशीशेजारी सरळ ठेवायचा. सुरुवातीला वायरमन अधूनमधून सगळ्या रिमोटचे सेल एकदम बदलायचा आणि जुने कचऱ्यात टाकायचा. त्यातल्या कितीतरी सेलांत अजून जीव असायचा. उरलेलं अन्न टाकवत नाही तसे वहिनींना ते टाकवले नाहीत. तोवर त्यात चोरी नव्हती.

मग नवा मॅनेजर आला आणि तक्रार आल्याशिवाय सेल बदलायचे नाहीत असा हुकूम निघाला. कचऱ्यात सेल येईनासे झाले, पण गल्लीची मागणी काही थांबली नाही. वहिनींनी एकदा "संपलेत" म्हटलं तर नणंद म्हणाली, "काय वहिनी, हात आखडला की नोकरी गेली?" थट्टाच होती, पण लागली. दुसऱ्याच दिवशी वहिनींनी कोपऱ्यातल्या खोलीच्या रिमोटमधले चांगले सेल काढले आणि घरचे संपलेले त्या जागी घातले.

हल्ली टीव्ही लावतो कोण, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. ते अगदीच खोटं नव्हतं. पाहुणे आल्याआल्या वायफायचा पासवर्ड विचारायचे आणि भिंतीवरच्या एवढ्या मोठ्या टीव्हीकडे पाय करून, छातीवर मोबाइल धरून पडायचे. रिमोट मेलेला आहे हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. वहिनी तो तरीही रोज पुसून ठेवायच्या, अगदी मन लावून.

त्या कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी आणि त्यांची मुलगी उतरल्या. आजींना जवळच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. दुपारी खाली फोन आला, टीव्ही लागत नाही. वायरमन निघालाच होता. वहिनी घाईने म्हणाल्या, "तू बस, मी वरच चाललेय, बघते." हॉटेलात सगळीकडे एकाच कंपनीचे सेल असायचे. या रिमोटमध्ये कुठल्यातरी खेळण्यातून निघालेले होते. वायरमनने झाकण उघडलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं.

"काय झालं आजी?"

"अगं, केव्हाची दाबतेय, काही होतच नाही. सेल गेले असतील का?"

"छे हो, सेल नवेच आहेत," असं म्हणत वहिनींनी रिमोट घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. झाकण सरकवून अंगठ्याने सेल जागच्या जागी गरगर फिरवले आणि रिमोट तळहातावर दोनदा आपटला. असं केलं की मेलेला सेल एखादा शेवटचा श्वास देतो, हे घरोघरी ठाऊक असतं. त्यांनी बटण दाबलं. टीव्ही लागला.

"बघा. जरा जोर लावायचा आणि सरळ धरायचा. तुमचा हात हलतो ना, म्हणून होतं तसं."

आजींचा हात थोडा हलत होता खरा. त्यांनी त्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"बघितलंस आई? त्यांच्या हातून बरोबर लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खोली आवरायला गेल्या तेव्हा मुलगी दारात उभी राहून भावाशी फोनवर बोलत होती. "दादा, ऐक माझं. साधा टीव्ही लावता येत नाही तिला. काल त्या बाईने समोर दाखवलं तरी नाही जमलं. उद्या गॅस उघडा ठेवेल, मग? मी आज डॉक्टरांना सांगणारच आहे. आता एकटी नाही ठेवायची. हो, घराची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे." फोन ठेवून ती अंघोळीला गेली.

आजी पलंगाच्या कडेला रिमोट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वहिनींना खुणेने जवळ बोलावलं.

"काल कसं दाबलंस गं? मी अंगठ्याने केलं, मधल्या बोटाने केलं, मनगट दुसऱ्या हाताने धरूनसुद्धा केलं. ती बाहेर यायच्या आत शिकव मला."

"एवढी काय घाई आहे, आजी?"

"डॉक्टरांकडे जायच्या आधी जमायला हवं. माझं घर चाललंय यापायी."

वहिनींच्या एप्रनच्या खिशात दोन चांगले सेल होते, थोड्या वेळापूर्वीच समोरच्या खोलीतून काढलेले. "द्या, पुसून देते," म्हणत त्यांनी फडक्याआड ते रिमोटमध्ये घातले. मेलेले खिशात टाकले. "हं, धरा सरळ. आता दाबा."

टीव्ही लागला. आजींनी बंद केला, परत लावला, आवाज वाढवला, कमी केला. शाळेत पहिल्यांदा फळ्यावर गणित सुटावं तसा त्यांचा चेहरा झाला. मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली.

"बघ, जमलं मला!"

"शिकवणी लावली की सगळ्यांनाच जमतं, आई. संध्याकाळी लावून दाखव, मग खरं."

आजींनी टीव्ही बंद केला. "तेही खरंच. एका बटणासाठी एवढी खटपट. पूर्वी नसतं असं झालं," त्या म्हणाल्या आणि रिमोट हळूच उशीशेजारी ठेवून दिला.

वहिनींनी सामानाची गाडी दाराकडे ढकलली. टीव्ही चालू झाला होता, तक्रार मिटली होती, वायरमनला काही कळायचं कारण उरलं नव्हतं. दारापर्यंत गेल्यावर मात्र त्यांना पुढे जाता येईना.

"मॅडम, आजींचं बरोबर होतं," त्या गाडीच्या दांड्याकडे बघत म्हणाल्या. "सेलच गेले होते. काल मी ते फिरवले म्हणून एकदा लागला. आत्ता बदलले म्हणून लागतोय. त्यांच्या हाताचा काही संबंध नाही."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"मेलेले मीच घातले होते. चांगले घरी नेले."

"काय नेलं?"

"सेल."

मुलीला हसूच येणार होतं. दागिना म्हटलं असतं तर तिला निदान धक्का तरी बसला असता. "सेल चोरता तुम्ही? रिमोटमधले?"

वहिनींनी खिशातून ते दोन मेलेले सेल काढून टेबलावर ठेवले. एक गडगडत जाऊन केटलीला अडला.

आजी वहिनींकडे बघत होत्या. "मी विचारलं होतं तुला, सेल गेले असतील का म्हणून."

"हो, आजी."

"तू इतकं ठासून सांगितलंस, की मी माझाच हात वाईट ठरवला. रात्री पाणी पितानाही पेला दोन्ही हातांनी धरला."

आजींनी ओरडावं, असं वहिनींना वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत.

मुलीने फोन उचलला. "मॅनेजरला बोलावते मी."

"त्याला मग बोलाव. आधी किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"माझ्या घराची. आणि दादाला फोन लाव. सेल गेले होते म्हणून सांग त्याला. माझ्यासमोर सांग."

"आई, आपण डॉक्टरांकडून आल्यावर शांतपणे बोलू ना."

"आधी दे."

मुलगी पर्समध्ये हात घालून शोधू लागली. वहिनींना कुणी जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही. आजींनी पुढे केलेला हात हलत होता, कालच्यापेक्षा जास्तच. तो वहिनींना बघवेना.

त्यांनी गाडी तिथेच सोडली आणि बोलावणं यायच्या आत स्वतःच मॅनेजरकडे जायला जिना उतरू लागल्या. काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या. सेल चोरले, हे सांगता येत होतं. कुठल्या खोलीतले, किती दिवस, तेही तो विचारील. पण एका शहाण्या बाईला तिच्या तोंडावर खुळी ठरवलं, त्याबद्दल तो काहीच विचारणार नव्हता, आणि आपणहून ते सांगायला तोंड उघडेल की नाही, याची वहिनींना खाली पोहोचेपर्यंत खात्री वाटली नाही.