माणूस आलं का?

"आवाज आला. माणूस न्हाई आलं अजून."

एवढं म्हणून मामा पुन्हा पाठ फिरवायचे. भिंतीवर गोधडी टांगलेली, तिला नाक टेकेल इतक्या जवळ तोंड, हात मागं बांधलेले. आपण माईकसमोर बोलायचं आणि त्यांच्या पाठीकडं बघत राहायचं. पाठ वळली तर जिंकलो. नाही वळली तर परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मी एकवीस वेळा परत पहिल्यापासून बोलले. विषय होता सरकीची पेंड.

शिरूरच्या बाजारात तुम्ही कधी काळी पिशवी घेऊन फिरला असाल, तर मामांनी केलेलं काहीतरी तुमच्या कानावर पडलेलंच आहे. टपावर भोंगा बांधलेला टेम्पो यायचा आणि बोलत जायचा. बियाणं आलं, साड्यांचा सेल लागला, कुस्त्या भरल्या, शेळी हरवली, अमक्या गल्लीतले तमके आबा गेले. हे सगळं मामांच्या खोलीत तयार व्हायचं. पुढं तिथंच पोरं घडायला लागली, पण ते नंतर.

खोली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर होती. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना मामींनी शिवलेल्या गोधड्या. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. उन्हाळ्यात तिथं उभं राहणारा माणूस घामानं निथळून बाहेर पडायचा. खाली दिवसभर हातोडी. रेकॉर्डिंग सुरू करायचं झालं की मामा काठीनं जमिनीवर तीन ठोके द्यायचे. खालून आप्पा ओरडायचा, "थांबलो, मामा!" काम झालं की एक ठोका, आणि हातोडी परत सुरू. तीस वर्षांत दोघांनी ह्यापलीकडं एकमेकांशी किती बोलणं केलं असेल, देव जाणे.

खोलीत आणखी एक वस्तू होती. मंडपवाल्याची लोखंडी घडीची खुर्ची. ती माईकच्या समोर ठेवायची आणि तिच्यावर कुणालातरी बसवायचं. कुणालाही. रस्त्यावरून हाक मारून आणलेली भाजीवाली, एसटीची वाट बघत बसलेले आजोबा. मामा म्हणायचे, "भिंतीला कोण काय सांगतं का? समोर माणूस पायजे. त्येला सांग."

आता माझ्याबद्दल थोडं, कारण तेव्हाची मी हा एक बघण्यासारखा प्रकार होता.

मी दौंडची. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. स्टेशनवरच्या घोषणा मी इतक्या हुबेहूब करायचे की शेजारच्या काकू डबा घेऊन पळत सुटायच्या आणि प्लॅटफॉर्मवरून मला शिव्या देत परत यायच्या. कॉलेजात एकांकिकेत काम केलं, ढाल मिळाली, आणि मग माझे पाय जमिनीला लागेनात. पाणी मागताना सुद्धा मी अर्धं वळून, हात लांब करून मागायची. आईनं दोनदा लाटणं उगारलं.

शिरूरचं स्थळ आलं तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. "हुंडा नको, मानपान नको. पर पोरगी नाटकात उभी राहनार न्हाई. चार लोकांनी तोंड बघायचं न्हाई. एवढा शब्द द्या." वडिलांनी शब्द दिला. मी दागिन्यांच्या पेटीत तळाला ढाल लपवून सासरी आले. दागिने तिच्यापेक्षा कमी होते.

सहा महिन्यांत मी वाळून गेले. खोटं नाही सांगत. गोठ्यात म्हशीला संवाद ऐकवायची. म्हशीचं नाव चंद्री. तिच्यासारखा शांत प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही.

नवरा भित्रा, पण डोळे उघडे असलेला. एका गुरुवारी त्यानं मला स्कूटरवर घातलं आणि मामांच्या जिन्याखाली आणून सोडलं. "हिथं तोंड दिसत न्हाई," एवढंच म्हणाला. "आईला शिवणक्लास सांग."

मी ढाल घेऊन गेले होते. हो, पिशवीत घालून. मामांनी ती हातात घेतली, उलटी केली, परत दिली. "चांगली हाय. तोंड घरी ठिवून आलीस ना? मग आवाज काढ."

मी एकांकिकेतला माझा गाजलेला उतारा म्हटला. शेवटी हुंदका होता, तोही दिला. खुर्चीवर एक मेथीवाली मावशी बसली होती. ती कळवळून म्हणाली, "बाई, पोटात दुखतंय का? ओवा हाय माझ्याकडं."

मामांची पाठ हलली नाही. पण खांदे हलत होते.

मग मला कळलं की मामा स्वतः जत्रेच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून सगळ्यांची वाक्यं सगळ्यांच्या आधी बोलणारा माणूस. टाळ्या दुसऱ्यांना. मी विचारलं, "मामा, तुम्हाला कधी पुढं यावंसं वाटलं नाही?"

"आलो की. बोललो तेवढ्यापुरता रोजच पुढं येत हुतो. लोकांस्नी दिसलं न्हाई, एवढंच."

आठ महिने माझा शिवणक्लास चालला. टेम्पो आमच्या दारावरून जायचा. सासूबाई निवडणं थांबवून ऐकायच्या आणि मला म्हणायच्या, "बघ, कशी नीट बोलती बाई. न्हाईतर तू. तोंडातल्या तोंडात." त्याच आवाजाचं ऐकून त्यांनी दोन पोती पेंड आणवली. मी मान खाली घालून भाकरी थापत होते. इतकं कौतुक इतकं गप्प राहून कुणी खाल्लं नसेल.

मग मी माती खाल्ली.

नवीन पेंडीची जाहिरात होती. मामांची पाठ काही केल्या वळेना. "पोरी, तुझ्या घरी म्हैस हाय का न्हाई? तिला कशी हाक मारतीस? तशी मार." मी डोळे मिटले, गोठा आठवला आणि हाक मारली, "ये गं चंद्रे, ये, ये, ये, माझी बाय ती!" मामा गर्रकन वळले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच एवढे वळले होते. मी हवेत.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आमच्या गल्लीत शिरला. "ये गं चंद्रे, ये, ये, ये!" भोंग्यातून, सगळ्या शिरूरला ऐकू जाईल असं. गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला. चंद्री बाहेर. टेम्पो पुढं, म्हैस मागं, म्हशीमागं सासूबाई, आणि सासूबाईंच्या मागं पिठाच्या हातानं मी. टेम्पोवाल्याला वाटलं, जाहिरात फारच लागू पडली. त्यानं आवाज वाढवला.

मारुतीच्या देवळापाशी म्हैस भोंग्याखाली उभी राहून वर बघत राहिली. सासूबाईंनी म्हशीकडं बघितलं, भोंग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या अडाणी होत्या, पण हिशेबाला पक्क्या.

घरी येऊन एकच वाक्य बोलल्या. "आठ महिनं शिकतीस, एक झंपर शिवला न्हाईस, तवाच कळायला पायजे हुतं." आणि अबोला. चार दिवस, पाच दिवस. नवरा गोठ्यात झोपायला गेला. सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला बोलावून घे." ह्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मी पेटीतून ढाल काढली आणि चुलीजवळ नेऊन ठेवली. जळणार नव्हती, पितळेची होती, पण मला तेव्हा एवढंही सुचलं नाही.

माझे वडील दौंडहून निघायच्या आत मामा आले. सायकलच्या कॅरिअरला ती लोखंडी खुर्ची बांधलेली. अंगणात खुर्ची उघडून ठेवली आणि स्वतः उभेच राहिले.

"आक्का, चूक माझी. माणूस आणायला सांगितलं हुतं, हिनं म्हैस आणली."

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी तो दाबला. "दादा, शब्द मोडलाय आमचा."

"तोंड कुनी बघितलं, आक्का?"

"न्हाई बघितलं."

"मग शब्द शाबूत हाय. ऱ्हायलं खोटं बोलनं, त्याचा दंड मी भरतो. ह्या खुर्चीवर बसायला मला पक्कं माणूस मिळंना. मेथीवाली गोड बोलती, म्हातारी मानसं झोपत्यात. तुमी आठ महिनं ऐकलंत, दोन पोती घेतलीत, आन् देवळापाशी उभं ऱ्हाऊन आवाजातलं खोटं पकडलंत. तसला कान पायजे. दर गुरुवारी येत जा. सून तुमच्या डोळ्यापुढं ऱ्हाईल, आन् माझं काम हुईल. न्हाई म्हनलात तर ही पोरगी आजपासून बोलायची बंद."

सासूबाई किती तरी वेळ मिश्री लावत बसल्या. मला वाटलं, दात झिजतील. मग म्हणाल्या, "पेंड बरी निघाली म्हणून घेतली. हिच्या बोलन्यावर न्हाई."

"व्हय, आक्का."

"गुरुवारी मला बाजार असतो. बुधवार ठेवा."

अशा रीतीनं मी वाचले. बारा वर्षं दर बुधवारी सासूबाई त्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्यापेक्षा मामांची पाठ परवडली. "ही बाई पेंड इकती का नवसाला बसलीया?" "आता बरं हाय, पर शेवटाला खोटं बोलली." मला जे काही येतं ते त्या दोघांचं आहे. माझं त्यात फक्त एकवीस वेळा परत बोलणं.

पुढं खोलीत कॅसेट गेली, कॉम्प्युटर आला, आणि रविवारी पोरं यायला लागली. पाबळहून, पाटसहून, वाड्यावस्त्यांवरून. कुणी बुटकं, कुणी चेहऱ्यावर डाग असलेलं, कुणाला घरून परवानगी नाही. जिथं जावं तिथं आधी फोटो मागतात, असं सांगायची. मामा सगळ्यांना एकच सांगायचे, "तोंड घरी ठिवून या." घशाबद्दल मात्र कडक होते. "घसा तुझा बैल हाय. पानी पाज, आन् ईर्षेनं पळवू नको. मोडला की शेत पडून."

वरवंडची एक मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्या घरातली. चार माणसांपुढं उभी केली की ती दाराआड जायची. माईकपुढं ती एकटी सात जणी व्हायची, त्यात एक बोकड. आज ती पुण्यात कार्टूनमधल्या खारीला आवाज देते. पहिल्या दिवशी तिथं तिनं समोर खुर्ची मागितली. सगळे हसले. शेवटी चहावाल्या मावशी येऊन बसल्या आणि काम पहिल्या झटक्यात झालं. तिनं फोन करून हे सांगितलं तेव्हा मामा फोन कानाला लावूनच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं सवयीनं. नंतर लक्षात आलं, डोळे पुसत होते.

माझी नात ती खारीची मालिका रोज बघते. तिला सांगितलं की ह्या खारीला मी पाणी पाजलंय, तर म्हणते, आजी, थापा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मामा गेले. मळ्यातल्या घरी, चहा पिता पिता. मला मामींचा फोन आला. तासाभरात टेम्पोवाला दारात. "मावशी, मोबाईलवर लिहिलं की मशीनच बोलतं आता. केलंय तयार, ऐका." मी ऐकलं. नाव बरोबर, वेळ बरोबर, उच्चार तर माझ्याहून स्वच्छ. मशीननं मामांचं जाणं आणि कांद्याचा भाव एकाच मायेनं सांगितला असता.

"पुसून टाक," मी म्हटलं. "किल्ली आहे माझ्याकडं."

खोली उघडली. गोधड्या, माईक, खुर्ची. काठी कोपऱ्यात. मी बोलायला सुरुवात केली, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," आणि तीच हुंदकेवाली दौंडची पोर माझ्या घशातून वर आली. इतक्या वर्षांनी. पोटात दुखतंय का, असं मीच मला विचारलं. दुसऱ्यांदा कोरडं झालं. तिसऱ्यांदा खालून हातोडी वाजली.

मी काठी उचलली. तीन ठोके दिले.

"थांबलो, मामा!"

आप्पा. त्याला कळलंच नव्हतं. मळा लांब, दुकान नुकतंच उघडलेलं.

मी काठी धरून उभी राहिले. मग जिन्यातून हाक मारली, "आप्पा, वर या जरा." तो हातोडी हातात तशीच घेऊन आला. तीस वर्षं त्या खोलीखाली काम करून तो वर पहिल्यांदा येत होता. गोधड्यांकडं बघत राहिला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, माईक चालू केला, आणि त्याला सांगितलं.

"आप्पा, आपले मामा सकाळी गेले. चहा पीत होते. त्रास नाही झाला. चार वाजता मळ्यातून नेतील. या."

एवढंच. मामांचं पूर्ण नाव सुद्धा घ्यायचं राहिलं.

हातातली हातोडी आप्पानं जमिनीवर ठेवली, आवाज न करता, जसं कुणाचं रेकॉर्डिंग चालू आहे.

टेम्पोवाल्यानं तेच लावलं. शिरूरभर "आप्पा, आपले मामा" असं फिरलं. कोण आप्पा, असं कुणी विचारलं नाही. भाजीबाजारातून, स्टँडवरून, कुठल्या कुठल्या गावांहून माणसं निघाली. चार वाजता मळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

पण ते नंतर. त्या सकाळी आप्पा हातोडी उचलून जिना उतरून खाली गेला. मी माईक बंद केला. काम झालं होतं, म्हणून एक ठोका दिला.

खाली हातोडी वाजली नाही. मी बराच वेळ वाट बघितली.