बाईंच्या न्हाणीचा दरवाजा

नागपुरात लोकांना आता पुन्हा लाकूड हवं झालंय. मधली बरीच वर्षं सनमायका आणि प्लॅस्टिकवर काढल्यावर जो तो म्हणतो, मॅडम, खरं लाकूड दाखवा. मी घरांची आतली सजावट करते आणि या हौसेवरच माझं थोडंफार नाव झालं. लकडगंजच्या लाकूडबाजारात जाऊन सागवान मी स्वतः निवडते, त्याच्या रेषा बघते आणि गिऱ्हाइकाला सांगते, "लाकूड जिवंत असतं." किती घरांत हे ऐकवलं असेल, ते आठवलं की आता कानकोंडं व्हायला होतं.

वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटचं काम माझ्याकडे आलं. नवराबायको दोघंही नोकरीवाले. सोबत नवऱ्याची आई. त्या काटोलच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे घरचेही त्यांना बाईच म्हणत. यजमान गेल्यावर बरीच वर्षं त्या काटोलला एकट्याच राहिल्या होत्या. माझ्याशी बोलताना त्यांची मराठी पुस्तकासारखी शुद्ध असे.

सगळ्या घराबद्दल बाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. त्यांच्या खोलीतल्या न्हाणीला फायबरचा हलका दरवाजा आणि त्याच्या आतल्या बाजूला कपडे अडकवायला एक खुंटी. बोटांत पूर्वीसारखा जोर राहिला नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी हसून सांगितलं, फायबरचा दरवाजा लावला तर खोली दवाखान्यासारखी दिसेल. आणि सागवानाला भोक पाडून खुंटी ठोकायची म्हणजे लाकडाचा अपमानच. बाईंनी काही दिवसांनी परत विषय काढला, तेव्हा मी मोबाईलवर परदेशातल्या घरांचे फोटो दाखवत बसले. त्या गप्प झाल्या. मला वाटलं, त्यांना पटलं.

दरवाजा झाला मात्र देखणा. चौकटीत असा घट्ट बसवला की फट म्हणून दिसू नये. घर बघायला येणारे आधी तोच बघत.

मग उन्हाळा आला. बाईंना एसीनं गुडघे धरायचे, म्हणून त्यांच्या खिडकीला कूलर होता. आपल्याकडे मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो आणि घरातली हवा पावसाळ्यासारखी ओली होते. बाहेर ऊन पेटलेलं, आत दारं फुगतात. हे नागपुरातल्या कोणालाही ठाऊक असतं. मलाही होतं. दरवाजा अडकतोय, असा मुलाचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, पावसाळा संपला की रंधा मारून देऊ, लाकूड आहे, थोडं हलणारच.

त्यानंतर एका सकाळी पुन्हा त्याचा फोन आला. "तुमच्या दरवाजात आई अडकली आहे," तो म्हणाला. 'तुमच्या' हा शब्द त्यानं जोर न देताच उच्चारला होता.

मी पोचले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. मुलगा ऑफिसातून धावत आला होता. शेजारचे दोघं होते, सोसायटीचा चौकीदार लोखंडी सळई घेऊन उभा होता. स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं, त्या कामाला आल्या तेव्हा आतून थापा ऐकू येत होत्या, पण ही सगळी माणसं जमली तशा बाई अगदी गप्प झाल्या. मुलाला वाटत होतं, त्या बेशुद्ध पडल्या. दरवाजा आत उघडणारा होता. ढकलून तो हलत नव्हता, कडीही आतून आवळून बसलेली. आता सळईनं फोडायचं, असं ठरत होतं.

माझं लक्ष पलंगाकडे गेलं. त्यावर बाईंचं पातळ, पोलकं आणि टॉवेल घडी करून ठेवलेले होते. आत अडकवायला जागा नव्हती ना.

मी मुलाला सगळ्यांना घेऊन बाहेरच्या खोलीत जायला सांगितलं. त्यानंही पलंगाकडे पाहिलं आणि सगळ्यांना बाहेर नेलं. मग मी दाराला तोंड लावून म्हटलं, बाई, मी आहे, एकटीच आहे.

मग अगदी दाराजवळून आवाज आला. तो काटोलच्या घरातला आवाज होता, शाळेतला नव्हे. "माह्या अंगावर काही नाही वं पोरी. त्या लोकायले आत नको येऊ देऊ."

धुण्याच्या गॅलरीत न्हाणीचा झरोका उघडत होता. स्टुलावर चढून मी त्याच्या काचेच्या पट्ट्या काढल्या. आत बाई उलट्या बादलीवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ओले केस पाठीवर, दोन्ही हात छातीशी. वर न बघता त्या म्हणाल्या, "डोळे मिट."

मी मिटले. चाचपडत एकेक कपडा झरोक्यातून खाली सोडला. शेवटी पातळ. त्याचं टोक खालून ओढलं गेलं तेव्हा माझ्या हाताला तो हलका हिसका लागला. मी तशीच डोळे मिटून, काचेच्या कडेला कपाळ टेकवून उभी राहिले. बाहेर ऊ‌न भाजत होतं, पण अंगाची आग उन्हाची नव्हती.

मी फोन करून बोलावलेला सुतार आला, त्यानं दरवाजाची खालची फळी कापून काढली, मग वरची. बाई चालत बाहेर आल्या. निऱ्या नीट, केसांची गाठ बांधलेली. मुलानं हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. मावशींना म्हणाल्या, सगळ्यांना चहा ठेव.

माणसं पांगल्यावर मी त्यांची माफी मागायला गेले. त्यांनी मला अर्ध्यावरच थांबवलं.

"मी तुले दोनदा सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा सांगाची मलेच लाज वाटली. घर पोराचं, तू शिकलेली. म्हटलं, आपल्याले काय समजते त्यातलं."

संध्याकाळच्या आत तिथं फायबरचा दरवाजा लागला.

दिवाळीत त्यांच्या सुनेनं फराळाला बोलावलं. जाणं टाळावंसं वाटत होतं, म्हणून मी उशिरा गेले. मावशींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, बाई आता न्हाणीचं दार लावतच नाहीत. लोटून ठेवतात आणि मावशींना खोलीत बसायला सांगतात. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून तोपर्यंत गाणं लाव म्हणतात, मोबाईलवर.

बाहेर आले तर बाईंच्या काटोलच्या जुन्या मैत्रिणी बसलेल्या. बाईंनी मला हाताला धरून पुढे केलं आणि त्यांच्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आमचं हे सगळं घर हिनं सजवलं आहे." मैत्रिणी कौतुकानं भिंतीवरच्या सागवानी पट्ट्यांवरून हात फिरवू लागल्या. एकीनं माझा नंबर मागितला. बाई हसत होत्या, त्या हसण्यात कुठंही आडपडदा नव्हता. मी खाली बघून नंबर सांगितला. तोही चुकीचा सांगितला, हे जिना उतरताना लक्षात आलं, पण मी परत वर गेले नाही.