वीतभर उजेड

चहाचा कप पुढे आला की काका तो लगेच उचलत नसत. आधी त्यावर पंजा आडवा धरत आणि म्हणत, "बस, एवढंच. वीतभर. आपल्याला ढगात थोडीच जायचं आहे?" तोवर टेबलाखाली त्यांचा गुडघा हलायला लागलेला असे आणि निम्मा चहा बशीत आलेला असे.

वाघोलीला आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर ते एकटे राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, कारखान्यात लाकडी साचे करून निवृत्त झालेले. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी त्यांनी स्वतः बनवलेलं एक यान होतं. माणसाच्या उंचीएवढं लांब, पोट गावाकडच्या डोंग्यासारखं, म्हणजे छोट्या नावेसारखं, पंख आखूड आणि रुंद, पाठीवर दोन पंखे. चालवायचं काठावरून, हातातल्या रिमोटने. आमची ही ते पहिल्यांदा पाहायला गेली तेव्हा म्हणाली, "काका, नाव आहे की विमान ते एकदा ठरवा. म्हणजे त्याप्रमाणे पूजा करता येईल."

"दोन्ही आहे जी. आणि पूजा नको. वजन वाढते."

तुम्हीही पाहिलं असेल, दमलेलं बदक तळ्यावरून उंच जात नाही. पाण्याला लागून उडतं. पंख आणि पाणी यांच्यामध्ये हवा दबते, तिची उशी होते आणि थोड्या बळात पुष्कळ अंतर कापलं जातं. काकांनी हे लहानपणी डोंग्यात बसून पाहिलं होतं. "पाणी खालून हात देते, भाऊ," ते म्हणत. परदेशात अशी माणसं नेणारी यानंही करून पाहिली आहेत म्हणे. काकांना फक्त आपल्या हातचं एक, एकदाच, पाण्यावर वीतभर उचललेलं बघायचं होतं.

पाणी जवळच होतं. बंद पडलेल्या दगडखाणीत पाऊस साचून तळं झालं होतं. पण तिथे टॉवर येणार होते आणि राडारोड्याचे डंपर खाण बुजवत होते. खालून डंपर गेला की काका गॅलरीत येऊन उभे. वाऱ्यात प्रयोग होत नसे आणि वारा ते आमच्या कपड्यांच्या दोरीवरून ओळखत. सकाळी वरून आवाज यायचा, "भाऊ, वहिनींचा गाऊन हलून राहिला. आज नाही." सोसायटीभर ऐकू जायचं. हिने गाऊन आत वाळत घालायला सुरुवात केली, तर, "भाऊ, दोरी रिकामी आहे. आता मी काय पाहू?"

अखेर एके दिवशी दोरीवरचा माझा लेंगा निपचित लोंबत होता. निघताना हिने माझ्या हातात नारळ ठेवला. "त्यांना सांगू नका हवं तर. पण नारळाशिवाय पाण्यात काही उतरवायचं नाही."

मी दोघांचंही मन राखणारा माणूस. म्हणजे दोघांनाही भिणारा. काका बॅटरी जोडत असताना मी नारळ हळूच शेपटीकडच्या झाकणाखाली सारला.

यान सुटलं. वेग आला, नाक वर झालं, आणखी वर झालं आणि ते सरळ पाठीवर उलटलं. पंख मोडला, झाकण उघडलं. सगळ्यात आधी वर आला तो नारळ.

तो डुलत डुलत काठाला लागेपर्यंत काका थांबले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नारळ तरंगते, एवढं तर सिद्ध झालं."

पुढे कित्येक महिने आमच्या डोक्यावर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज. अपराधी म्हणून मीही घासायला जायचो. मी घासलेलं ते पुन्हा घासत. डंपर वाढले, पाणी आकसत चाललं. एक दिवस काका खाली आले. "वहिनी, नारळ केवढा देणार तो आत्ताच द्या. नाकात जागा ठेवली आहे, तोलून बसवतो." आमच्या हिने नारळ निवडायचं काम दुसऱ्यावर सोपवलेलं मी तेव्हा पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या खेपेला पाणी उरलं होतं शाळेच्या मैदानाएवढं. यानाच्या पोटाखालचं अंतर दिसायला डोळा पाण्याच्या पातळीला न्यावा लागतो आणि काकांचे गुडघे वाकत नव्हते. म्हणून मी काठावर पालथा पडलो. माझ्या पोटामुळे हात-पाय जमिनीला टेकले नाहीत, म्हणजे अधांतरी राहण्याचा आमचा पहिला प्रयोग यशस्वी.

यान सुटलं. मागे पाण्याची पांढरी रेघ होती. मग ती रेघ तुटली.

"खालून उजेड दिसून राहिला काय?"

"दिसतोय."

"किती?"

हात वर करून मी वीत ताणली. वळून पाहिलं तर काका यानाकडे पाहतच नव्हते. माझ्या हाताकडे बघत उभे होते, गुडघा अगदी स्थिर. तेवढ्यात यान समोरच्या राडारोड्यात घुसलं आणि नारळ रीतसर फुटला. खोबरं आम्ही तिथेच खाल्लं. काकांनी मोडलेलं नाक उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "आता वळवता आलं पाहिजे." गुडघा पुन्हा सुरू झाला होता.

ते वळवणं राहिलं. त्या थंडीत काका गेले. खाण बुजली, तिच्यावर आता टॉवरवाल्यांचा सॅम्पल फ्लॅट आहे. वर नवं जोडपं राहतं, फार शांत. मलाच स्वस्थ बसवत नाही. सकाळी चहा घेऊन मी उगीच गॅलरीत येरझाऱ्या घालतो.

आमच्या हिने गाऊन पुन्हा बाहेरच्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली आहे. आज सकाळी तो जराही हलत नव्हता.