बिनगव्हाची वडी

आक्का, माझे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चौथीच्या वर्गातच राहिले. माफी असावी. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणूनच धीराने लिहिते. थोरल्या जावेपुढे तोंडाने एवढे बोलणे मला कधी जमले नसते.

मंदीला घेऊन नगरला निघाले त्या सकाळी तुम्ही दारात उभ्या होता. मंदी माझ्या कडेवर. चार वर्षांची पोर, पण वजन दोन वर्षांच्या लेकराचे. पोट फुगलेले, पायांच्या काड्या. बाजरी होती तोवर ती बरी होती. पाऊस गेला, रेशनचा गहू घरात आला आणि ती वाळत गेली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितले, हिला गहू सोसत नाही, कणभरही देऊ नका. आपल्या सासूबाईंना ते पटले नाही. लोक गव्हासाठी रांगेत उभे राहतात आणि ही पोर नाक मुरडते, म्हणायच्या. मी पाण्याला गेले की गुळवणीत चपाती कुस्करून तिला भरवायच्या. मायेनेच भरवायच्या. पण पोर मरत होती.

निघताना त्यांनी लुगड्याच्या गाठीतून साठ रुपये काढून सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवले. "परत आलीस तर सोडलं. न्हाई आलीस तर पै न् पै फेडायची." पैशाला दावे बांधून दिले होते. ह्यांनी मान खाली घातली. मीही एसटीतून मागे पाहिले नाही.

नगरात एका बेकरीत शेंगा फोडायचे आणि भट्टीत सरकवायचे पत्रे घासायचे काम मिळाले. मंदी दारात बसून लोकांच्या नानकटाईकडे बघायची. ते मला बघवेना. डाळ्याचे पीठ, शेंगदाण्याचा कूट, गूळ आणि थोडा डालडा मळून मी वड्या थापल्या. पाव निघाले की भट्टी निवत असते, तेवढ्यात भाजू का, हे मालकांना विचारायला मला आठवडा लागला. मालकांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले, "भट्टी माझ्या बापाची, पन आच तर वायाच चाललीय. टाक की, बाई."

वडी खरपूस झाली. मंदीने दोन खाल्ल्या आणि संध्याकाळी पोट धरून लोळली. डॉक्टर चुकले, सासूबाई खऱ्या, असे वाटून मी गावी परतायला पिशवी भरायला घेतली. सकाळी पत्रा घासताना हात थांबला. वडी चिकटू नये म्हणून बेकरीच्या रीतीने मीच पत्र्यावर मैदा भुरभुरला होता.

पिशवी रिकामी केली. साठातल्या उरलेल्या पैशांचा नवा पत्रा घेतला, त्याला मैद्याचे बोट लागू दिले नाही. खाली कूट पसरला. हळूहळू मंदीचे पोट बसले, गालावर मांस आले. चाचांनी वड्या बरणीत ठेवल्या आणि त्या खपू लागल्या. मग हेही नगरला आले. बाजारात हमाली करतात, येऊन माझा पत्रा उचलतात. आमचे बिऱ्हाड एका खोलीचे आहे, पण तिथल्या कुठल्याही डब्यात मंदीने हात घालावा, मला भीती नाही. घर म्हणतात ते आता मी त्याला म्हणते.

परवा गावी आलो तेव्हा सासूबाईंनी नातीसाठी लापशी केली होती. मंदी म्हणाली, "आज्जे, मला गहू चालत न्हाई," आणि पिशवीतून आपली वडी काढली. मी लाजले नाही, आक्का. तिला गप्पही केले नाही. सासूबाईंनी वडीचा तुकडा मोडला, बराच वेळ चघळला.

"गूळ कमी हाय," म्हणाल्या.

मी साठ रुपये त्यांच्या ओटीत ठेवले. "मोजून घ्या, आत्याबाई."

त्यांनी मंदीच्या पायांकडे पाहिले. नोटा मोजल्या, परत मोजल्या आणि गाठ मारली. फिटले.