संडासात रुसलेला जावई

सासुरवाडीला मी हट्टी जावई म्हणून प्रसिद्ध आहे. हट्ट मी कधीच केला नाही. केला तो माझ्या आतड्यानं.

मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, आणि आजार उफाळला की दिवसभर धावपळ. डॉक्टरांनी समजावलं होतं, "हा खाण्यानं झालेला नाही, दुसऱ्याला लागतही नाही. दबतो, पण मुळातून जात नाही. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत." हे फक्त बायकोला, मंदाला, ठाऊक. माहेरी सांगायचं नाही म्हणून मी तिला शपथ घातलेली. नवा जावई, आणि ओळख काय, तर पोटाचा फुटका?

अशात धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयाला जेवू घालून वाण द्यायचं, म्हणून सासुरवाडीचं, अमडापूरचं, बोलावणं. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, तेव्हा अर्धी भावकी ओसरीवर माझं तोंड बघत बसलेली. ताटात पुरणाचे धोंडे, वर तूप, शेजारी वाण म्हणून टोपी-उपरणं. पहिला घास उचलला आणि पोटात कळ आली. उठलो, तो थेट मागच्या अंगणातल्या संडासात.

आमच्याकडे जावई भरल्या ताटावरून उठला, तर अर्थ एकच. रुसला.

"टोपी पाहून तोंड उतरलं त्यायचं," मंदाची आत्या म्हणाली. "म्या पाह्यलं ना."

परत येऊन पाटावर बसतो तर टोपीशेजारी शर्ट-पँटचं कापड. आभार मानले आणि पुन्हा पळालो. आलो तर मामेसासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलेलं. तिसऱ्यांदा गेलो तो आतच राहिलो. (यायची सोय नव्हती.) मग भावकीच दाराशी आली.

"जावाईबापू, अंगठी पायजे काय?" सासरे विचारत होते.

"नको हो मामाजी. मले काहीच नको."

"अंगठीही नको म्हन्ते," आत्या कुजबुजली. "म्हंजे गाडी पायजे."

मंदा शपथ पाळून गप्प. आणि दाराखालच्या फटीतून सासूबाईंचा हात आला. तळहातावर त्यांची स्वतःची अंगठी.

"माह्या मायची हाये," त्या रडत होत्या. "घ्या. पन माह्या पोरीले इथं टाकून नोका जाऊ."

मी उकिडवा, समोर सोनं. धरणी दुभंगावी असं वाटलं. पण जिथं बसलो होतो तिथं ती आधीच दुभंगलेली होती.

"मामीजी, मी रुसलो नाही," मी आतून ओरडलो. "मले आजार हाये. आतड्यात जखमा हायेत, रक्त पडते. घडीघडी इथं या लागते."



"मी कवाची म्हनत होती, सांगून टाका," शेवटी मंदा म्हणाली.

"मंग सांगाचं ना बे," सासरे दाराला टेकून म्हणाले. "मऊ भात टाकला असता."

जावयाला कुणी 'बे' म्हणत नाही. तो शब्द घरच्या पोरासाठी असतो. दाराआड मला रडूच आलं. अंगठी तिथूनच परत केली, मग बाहेर येऊन मान खाली घालून मऊ भात खाल्ला.

दिवाळीला गेलो तर ओसरीला लागून नवी खोली. आत कमोड, टाइल्स, पंखा, आणि दाराला सासूबाईंनी बांधलेलं झेंडूचं तोरण. धोंड्यात लोकांच्या जावयांना अंगठ्या मिळतात, गाड्या मिळतात. अमडापुरात माझंच नाव निघतं, "असा जावाई नाही पाह्यला बुवा. संडास बांधून घेतला, तवाच उठला."