साडेनऊची लाईट

विश्वजितला गावात दोन नावं. वीज उपकेंद्रात ऑपरेटरसाहेब आणि पारावर डायरेक्टर. पहिल्या नावावर पगार मिळतो, दुसऱ्यावर चेष्टा. पण गडी हट्टाचा. सुट्ट्या साठवून वीस मिनिटांची फिल्म करत होता. नवरा गेल्यावर रानातल्या घरात एकटी राहिलेली बाई, बस्स. काम करायला घरचंच माणूस, चुलती साळूबाई. तिचे मालक आकाराम दोन वर्षांपूर्वी गेलेले.

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. रिकाम्या खाटेकडं बघून साळूबाईनं बोलायचं. उद्या ऊसतोडीची टोळी येणार, म्हणजे खाटेमागं दिसणारा ऊस जाणार, म्हणजे आजच काय ते. त्यात रात्री साडेनऊला शेतीची लाईट यायची. मोटारींना ऑटो बसवलेले, लाईट आली की सगळ्या आपोआप सुरू. मग कसला आवाज टिपताय!

सातपासून नऊ वेळा झालं. साळूबाई शाळेत कविता म्हणावी तशी बोलत होती.

"काकी, काका खाटेवर हाईत आसं समजा."

"न्हाईत तर कसं समजू?" ती म्हणाली.

सव्वानऊला उपकेंद्रातून नाथाजीचा फोन आला. आज ड्युटी त्याची. "गड्या, अर्धा तास लाईट दाबून ठिवू का? कुनाला कळतंय?"

विश्वजितच्या तोंडाला पाणी सुटलं. पण आजूबाजूचं सगळं शिवार त्या लाईटीची वाट बघत बसलेलं. "नको. येळेवर सोड," तो म्हणाला आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडला.

दहाव्या वेळी साळूबाई निम्म्यात होती, तोवर विहिरीवरची मोटार घुमली. झालं, गेलं सगळं! कॅमेरा बंद करायला त्यानं हात पुढं केला.

साळूबाई खाटेकडं वळली होती. "आवं, उठा की. लाईट आली. च्या ठिवते, पिऊन पाण्याची दारं धरा."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि पलीकडच्या वावरातल्या सरीला पाणी लावायला स्वतःच गेली. विश्वजितचा हात होता तिथंच राहिला, कॅमेरा चालूच.

पुढच्या आठवड्यात नाथाजीनं तो टिपलेला प्रसंग बघितला. "मोटार लय घुमतीया रं. तुला तर काढता येतो की आवाज."

"येतो," विश्वजित म्हणाला. "पन मोटार काढली, तर काकी काकांना उठवंल कशाला?"