भाचीचा गेम आणि कोयनेचा हादरा

आमच्या कोयनानगरच्या वसाहतीत भूकंपाची एक शिस्त होती. मांडणीवरची भांडी वाजली, तर हातातलं काम सोडायचं नाही. खिडकीची तावदानं वाजायला लागली, की मात्र असाल तसं बाहेर पळायचं.

माझी भाची सांगलीची, तिला यातलं काय ठाऊक! नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, आणि सुट्टीला आली ती कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, जीपमधून. त्यावर बंदुकीचा गेम खेळायची. पडद्यावर माणूस दिसायचाच नाही, नुसते बंदूक धरलेले दोन हात. "मावशी, ते हात आपलेच समजायचे," म्हणायची. असले गेम बनवायलाच तिला शिकायचं होतं. पण त्यातले स्फोट असे दणदणीत, की स्वयंपाकघरात माझी मांडणी थरथरायची. दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, "अगं, कानाला काहीतरी लाव, नाहीतर ते धूड बाहेर ठेवीन." तिनं मुकाट्यानं हेडफोन लावला आणि खोलीला आतून कडी घातली.

मी भाकरी करत होते. भांडी वाजली. "आवाज कमी कर गं!" मी ओरडले. पुन्हा वाजली. काय निगरगट्ट पोरगी, म्हणत भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, आणि हात तसाच राहिला. अगं बाई, हेडफोन लावलाय ना तिनं? मग वाजवतंय कोण?

तावदानं खडखडायला लागली.

दार बडवलं. तिला ऐकूच जाईना. अंगणातनं शेजारीण ओरडत होती, "आवं वैनी, भायेर या की! काय धरून बसलाय?"

"पोरगी आतच हाय!" म्हणत घराला वळसा घालून खिडकीशी गेले. ही बया पाठ करून बसलेली, पडद्यावर गोळीबार, आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर माझी लोखंडी ट्रंक, बोट बोट पुढं सरकत. हातातलं उलथणं गजांवर आपटलं, नावानं हाका मारल्या. मान हलेना.

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला तशी ती वळली. "मावशी, तूच फ्यूज काढलास ना?"

"पळ!"

ती दारापर्यंत पोचली असेल नसेल, ट्रंक तिच्या रिकाम्या स्टुलावर आदळली.

बाहेर आली तेव्हा जमीन थांबली होती. मी तिचा दंड धरला. "खालची फरशी हलत होती, कळलं कसं नाही तुला?"

"मला वाटलं, गेममधलंच हललं."

शेजारीण म्हणाली, "आता गेममदी भूकंप बी असतोय व्हय?"

भाची तरी बोललीच. "पुढं असेल, काकू. डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस आतच. मान वळवली की चित्र वळेल, स्फोट झाला की पायाखालची जमीन हलेल."

"आणि खरीच हलली तर?" मी विचारलं.

तिनं खिडकीतून आतल्या ट्रंकेकडे पाहिलं. "बाहेरच्याची हाक आत पोचेल, असं काहीतरी करायला लागेल मग."

"ते आधी शीक," मी म्हटलं, "बंदुका मागनं."